कूपरस्टाउनच्या दाराबाहेर २८८ विजय

बेसबॉलच्या इतिहासात सर्वाधिक सामने जिंकणारा पिचर म्हणजे साय यंग. १८९० ते १९११ या बावीस हंगामांत त्याच्या खात्यावर ५११ विजय जमा झाले आणि तिथवर पुढे कोणीच पोहोचले नाही. तरीही १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी पहिले मतदान झाले, तेव्हा यंग निवडून आला नाही. त्याला निम्म्याहून किंचित कमी मते पडली. निवडल्या गेलेल्या पाच जणांत पिचर दोनच होते, ख्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन. यंगची कारकीर्द एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत विभागलेली असल्याने त्याला कोणत्या यादीत धरायचे याचा मतदारांत गोंधळ होता, हे खरे. पुढच्याच वर्षी चूक सुधारली गेली आणि १९५६ पासून वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा पुरस्कार त्याच्याच नावाने दिला जाऊ लागला. पण वर्षानुवर्षे टिकून राहणाऱ्या पिचरचे मोल कसे ठरवायचे, या प्रश्नाने हॉल ऑफ फेमची पाठ तेव्हापासून सोडलेली नाही.

आज तो प्रश्न सर्वांत ठळकपणे पिचर टॉमी जॉनच्या बाबतीत उभा आहे. २६ हंगाम, २८८ विजय, ४,७१० इनिंग. एवढे करूनही न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन या छोट्या गावातल्या हॉल ऑफ फेमच्या वास्तूत त्याच्या नावाचा फलक नाही.

तिथे प्रवेश कसा मिळतो, हे आधी पाहायला हवे. निवृत्तीनंतर पाच वर्षे लोटली की खेळाडूचे नाव मतपत्रिकेवर येते. मतदार असतात बेसबॉल लेखक संघटनेचे किमान दहा वर्षे जुने सदस्य. प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करता येते आणि निवडून येण्यासाठी ७५ टक्के मते लागतात. पूर्वी एखादे नाव पंधरा वर्षांपर्यंत मतपत्रिकेवर राहू शकत असे. २०१४ मध्ये ही मुदत दहा वर्षांवर आणली गेली. लेखकांनी नाकारलेल्यांसाठी पुढे सोळा जणांची समिती असते. तिथेही अट तीच: सोळापैकी बारा मते.

टॉमी जॉनचा जन्म १९४३ चा, इंडियाना राज्यातल्या टेरे होटचा. हा डावखुरा पिचर १९६३ मध्ये क्लीव्हलँडकडून पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये उतरला आणि १९६५ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला. त्याचे अस्त्र होते सिंकर, म्हणजे बॅटरजवळ येता येता खाली बसणारा चेंडू. त्यावर बॅटर चुकत नाही, पण चेंडूच्या वरच्या भागावर बॅट लागते आणि चेंडू जमिनीवरून घरंगळत क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो. प्रेक्षकांना उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात त्या बॅटरला तीनदा चकवून बाद करणाऱ्या पिचरसाठी. जॉनच्या खेळात तो थरार कमी होता. त्याच्या कारकिर्दीकडे अनेकांचे दुर्लक्ष झाले त्याचे एक कारण या शैलीतच आहे.

डिसेंबर १९७१ मध्ये शिकागोने त्याला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे दिले आणि बदल्यात डिक ॲलन हा तडाखेबाज खेळाडू घेतला. ॲलन १९७२ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. इकडे जॉनही बहरात आला. १९७४ च्या जुलैपर्यंत त्याचे १३ विजय आणि ३ पराभव होते.

१७ जुलै १९७४ रोजी माँट्रियल एक्सपोजविरुद्ध चेंडू टाकताना त्याच्या डाव्या कोपरात काहीतरी तुटले. क्रिकेटमधला गोलंदाज हात जवळपास सरळ ठेवून चेंडू टाकतो. पिचर कोपर दुमडतो आणि चाबकासारखे झटक्याने उलगडतो. त्या झटक्याचा सारा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका लहानशा लिगामेंटवर येतो. जॉनचे तेच लिगामेंट फाटले होते. तोवर या दुखापतीवर उपाय नव्हता. ज्याचे लिगामेंट गेले, त्याची कारकीर्द तिथेच संपायची.

डॉजर्सचे डॉक्टर फ्रँक जोब दुसऱ्या महायुद्धात १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनबरोबर वैद्यकीय सेवेत होते. त्यांनी तोवर कोणी न केलेली गोष्ट करायचे ठरवले. २५ सप्टेंबर १९७४ रोजी त्यांनी जॉनच्या उजव्या हातातला एक टेंडन काढला, डाव्या कोपराच्या दोन्ही हाडांना छिद्रे पाडली आणि त्यांतून तो ओवून नवे लिगामेंट घडवले. पुन्हा पिच करण्याची शक्यता शंभरात एक, असे त्यांनी आधीच सांगितले होते. नंतर मज्जातंतूच्या त्रासामुळे आणखी एक शस्त्रक्रिया करावी लागली. बोटे वळत नव्हती, चेंडू हातात धरणेही अवघड झाले होते.

१९७५ चा पूर्ण हंगाम जॉन मैदानाबाहेर होता. त्याच संघातल्या माइक मार्शलने या काळात त्याला मोठी मदत केली. १९७४ च्या एका हंगामात १०६ सामन्यांत पिच करण्याचा विक्रम करणारा मार्शल हा शरीराच्या हालचालींचाही अभ्यासक होता. १६ एप्रिल १९७६ रोजी अटलांटाविरुद्ध जॉन पुन्हा मैदानात उतरला.

इथून पुढचे आकडे नीट पाहायला हवेत. १९७६ मध्ये १० विजय. १९७७ मध्ये २०, आणि साय यंग पुरस्काराच्या मतदानात स्टीव्ह कार्लटनच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक. १९७८ मध्ये १७. मग न्यूयॉर्क यँकीजकडे गेल्यावर १९७९ मध्ये २१ विजय आणि पुन्हा दुसरा क्रमांक, या वेळी माइक फ्लॅनगनच्या मागे. १९८० मध्ये २२. शस्त्रक्रियेपूर्वी त्याने १२४ सामने जिंकले होते. शस्त्रक्रियेनंतर १६४ जिंकले. १९८९ च्या हंगामाच्या सलामीच्या सामन्यात वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो यँकीजकडून उतरला आणि मिनेसोटाला हरवून त्याने २८७वा विजय नोंदवला. त्याच वर्षी तो थांबला, तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता.

१९९५ ते २००९ अशी पंधरा वर्षे त्याचे नाव लेखकांच्या मतपत्रिकेवर राहिले. पहिल्या वर्षी २१.३ टक्के, शेवटच्या वर्षी ३१.७ टक्के. ७५ च्या आसपासही तो कधी गेला नाही.

विरोधकांचे म्हणणे साधे आणि वजनदार आहे. जॉन त्याच्या काळातला सर्वश्रेष्ठ पिचर कधीच नव्हता. साय यंग पुरस्कार त्याला एकदाही मिळाला नाही. सव्वीस वर्षे खेळले तर कोणाच्याही आकड्यांची बेरीज मोठी दिसेल. हॉल ऑफ फेम हे शिखर गाठणाऱ्यांसाठी आहे आणि त्याचे उदाहरण म्हणून सँडी कूफॅक्सचे नाव घेतले जाते. डॉजर्सच्या या डावखुऱ्या पिचरने तीनदा साय यंग पुरस्कार मिळवला, कोपराच्या संधिवातामुळे १९६६ नंतर तिसाव्या वर्षीच निवृत्ती घेतली आणि १९७२ मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी तो निवडला गेला. त्याचे एकूण विजय १६५.

कूफॅक्सची थोरवी वादातीत आहे. पण ज्या कोपराने कूफॅक्सला तिसाव्या वर्षी थांबवले, त्याच सांध्याची दुरुस्ती करून घेऊन जॉनने तिशीनंतर १६४ सामने जिंकले. याला नुसती बेरीज म्हणता येत नाही. आणि सव्वीस वर्षे खेळता येणे ही सर्वांना मिळणारी सवलतही नाही. हजारो पिचर आले, पण संघमालकांनी सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत पगार देऊन ठेवावे असे त्यांत किती निघाले? टिकणे म्हणजे दर चार-पाच दिवसांनी उभे राहून प्रतिस्पर्ध्यांना रोखणे. नऊ इनिंगमागे सरासरी ३.३४ धावा देत त्याने हे ७०० सामन्यांची सुरुवात करून सिद्ध केले. मोठ्या प्रसंगी तो डगमगला असेही नाही: हंगामोत्तर सामन्यांत सहा विजय, तीन पराभव आणि सरासरी २.६५. १९८१ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात १-१ अशी बरोबरी असताना व्यवस्थापक बॉब लेमनने चौथ्या इनिंगमध्ये त्याच्या जागी दुसरा बॅटर पाठवून त्याला सामन्याबाहेर काढले. यँकीज ९-२ ने हरले आणि सिरीजही गेली. जगज्जेतेपद जॉनच्या वाट्याला आलेच नाही.

त्याच्या नशिबी आणखी एक अडचण आली. तो मतपत्रिकेवर होता, तेव्हा त्याच्या पिढीतले फिल नीक्रो आणि डॉन सटन हे ३०० हून अधिक विजय मिळवलेले पिचर एकामागोमाग आत जात होते. त्यांच्या शेजारी २८८ हा आकडा तोकडा वाटला. दुखापतीने गेलेला दीड हंगाम मिळाला असता, तर उरलेले बारा विजय फार दूर नव्हते. बर्ट ब्लायलेव्हनलाही (२८७) हाच फटका बसला. पहिल्या वर्षी १७.५ टक्के मते मिळालेला ब्लायलेव्हन चौदाव्या प्रयत्नात, २०११ मध्ये निवडला गेला. पंचवीस हंगाम खेळलेला जिम काट (२८३) लेखकांच्या मतदानात कधीच ३० टक्क्यांपर्यंत पोहोचला नव्हता. समितीने त्याला निवडले आणि २०२२ मध्ये त्याचा सन्मान झाला. दोघांच्याही निवडीचे स्वागतच व्हायला हवे. मात्र त्यानंतर जॉनला बाहेर ठेवण्याचे कारण उरत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये समितीपुढे त्याचे नाव पुन्हा आले. डेव्ह पार्करला चौदा मते मिळाली आणि डिक ॲलनला तेरा. होय, ज्याच्या बदल्यात जॉनला डॉजर्सकडे धाडले होते तोच ॲलन, आणि त्याची निवड त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी झाली. जॉनला सात मते पडली. महिन्याभराने लेखकांनी पिचर सीसी सबाथियाला पहिल्याच प्रयत्नात निवडले, त्याचे विजय २५१. पिचरच्या विजयांना आता पूर्वीइतके महत्त्व दिले जात नाही आणि ३०० चा टप्पा नव्या पिढीच्या आवाक्याबाहेर गेला आहे. त्यामुळे जॉनच्या आकड्याचे मोल कमी होण्याऐवजी वाढले आहे.

आता शस्त्रक्रियेचा मुद्दा. तिला जगभर ‘टॉमी जॉन शस्त्रक्रिया’ म्हणतात. मोठ्या लीगमधल्या एक-चतुर्थांशाहून अधिक पिचरांनी ती करून घेतली आहे. शोहेइ ओतानीने २०१८ मध्ये करून घेतली. जस्टिन व्हर्लँडरने २०२० मध्ये करून घेतली आणि २०२२ मध्ये साय यंग पुरस्कार जिंकला. जॉन स्मोल्ट्झ तर ती करून घेतलेला पहिला पिचर म्हणून २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. फ्रँक जोब यांचा कूपरस्टाउनमध्ये २०१३ च्या सोहळ्यात गौरव झाला, तेव्हा जॉन तिथे हजर होता. श्रेय डॉक्टरांचे, रुग्णाचे नव्हे, असे काहीजण म्हणतात. पण जोब यांनी हीच शस्त्रक्रिया केलेला पुढचा पिचर ब्रेंट स्ट्रॉम मोठ्या लीगमध्ये परतू शकला नाही. सुरी डॉक्टरांची होती. दीड वर्ष रोज चेंडू टाकून ते नवे लिगामेंट कामाला लावणारा माणूस जॉन होता. तो १९७६ मध्ये अपयशी ठरला असता, तर दुसरा पिचर त्या टेबलावर चढायला किती वर्षे लागली असती?

खेळाची वाट बदलणाऱ्याला मान देण्याची परंपरा कूपरस्टाउनमध्ये आहे. कँडी कमिंग्जला १९३९ मध्ये तिथे स्थान मिळाले ते कर्व्ह बॉलचा जनक म्हणून. टॉमी जॉनला अशा खास सवलतीची गरजही नाही, कारण त्याचे २८८ विजय स्वतंत्रपणे उभे आहेत. त्या काळातल्या खेळाडूंचा विचार करणारी समिती आता डिसेंबर २०२७ मध्ये बसणार आहे. जॉन तेव्हा ८४ वर्षांचा असेल. गेल्या वेळची सात मते कायम राहिली, तर आणखी पाच सदस्यांनी कौल द्यायला हवा आणि तो त्यांनी द्यावा.