तार, टेलिफोन आणि धोक्याची घंटा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही परभणीकर गमतीनं म्हणत आलो. आज थोडं बोस्टनहून परभणीपर्यंत यायचं आहे. विषय वरवर किरकोळ वाटेल. घराघरांतली लँडलाइन गेली, तेव्हा तिच्या तारेवर बसलेल्या धोक्याच्या घंटेचं काय झालं?

सुरुवात घरच्याच एका गोष्टीनं करू. काही वर्षांपूर्वी गावातल्या एका पतसंस्थेच्या सल्लागार मंडळावर आम्ही होतो. तिजोरीच्या खोलीत अलार्मची पेटी होती. दार फोडलं की भोंगा वाजणार आणि पेटी आपोआप तीन ठिकाणी फोन लावणार : पोलीस ठाणं, चेअरमन, मॅनेजर. दरवर्षी कागदावर ‘अलार्म चालू’ असं लिहिलं जायचं आणि त्याखाली आम्हीही सही करायचो. एकदा झाडलोट करताना मावशींचा धक्का लागला. भोंगा वाजला, गल्ली जमा झाली, पण फोन एकालाही आला नाही. शोध घेतला तर रस्त्याच्या खोदकामात केबल तुटलेली, आणि त्याला आठ महिने झालेले! सगळ्यांच्या खिशात मोबाइल, त्यामुळे लँडलाइन मुकी झाल्याचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे आठ महिने शेतकऱ्यांचे, हमालांचे, धुणीभांडी करणाऱ्या बायांचे पैसे एका मेलेल्या तारेच्या भरवशावर होते. आणि कागदावर सही आमची होती.

आता इतिहास बघू. १८५२ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात आगीची वर्दी तारेनं देणारी शहरभराची यंत्रणा सुरू झाली. रस्त्यावरच्या पेटीतून खूण दिली की कुठल्या पेटीतून वर्दी आली ते मध्यवर्ती कचेरीत कळायचं. टेलिफोन तेव्हा जन्मलाही नव्हता. बेल यांना पेटंट मिळालं १८७६ साली. पुढच्याच वर्षी त्याच बोस्टनमध्ये होम्स नावाच्या गृहस्थांनी टेलिफोन जोडले, ते कोणत्या तारांवर? बँकांत, दुकानांत चोरांपासून सावध करणारी घंटा बसवण्याचा त्यांचा धंदा होता, त्या घंटेच्या तारांवर. दिवसा टेलिफोन, रात्री अलार्म. तेव्हा लक्षात घ्या, आधी टेलिफोनच घंटेच्या घरी पाहुणा म्हणून आला. मग तो घरमालक झाला, घंटा भाडेकरू झाली. आणि आता मालक घर सोडून निघाला.

आपल्याकडे मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्सचेंज सुरू झालं. परभणी त्या वेळी निजामी मुलखात. इथल्या सामान्य माणसाची धोक्याची यंत्रणा म्हणजे गावचा जागल्या, दवंडी आणि आग लागली तर देवळाची घंटा. १९४८ साली मराठवाडा मुक्त झाला, तरी फोन बरीच वर्षं मोजक्याच घरांत होता. आमच्या तरुणपणी रिसीव्हर उचलला की पलीकडे ऑपरेटर बोलायचा. नंबर माहीत नसला तरी ‘आग लागलीय’ एवढं म्हटलं की पुढचं तो बघायचा. कारण तो गावातलाच माणूस, आणि रात्रपाळीला जागा. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली, तिच्या छोट्या एक्सचेंजमुळे फोन खेड्यापाड्यांत पोचले. ०२४५२ हा परभणीचा कोड पुण्या-मुंबईतल्या लेकरांना पाठ झाला. ऑपरेटर मात्र गेला.

लँडलाइनचे दोन मोठे गुण होते. एक म्हणजे तिला वीज एक्सचेंजमधून मिळायची, सुमारे ४८ व्होल्ट, तिथल्या बॅटऱ्यांवरून. लोडशेडिंगच्या अंधारात पंखा बंद, दिवा बंद, पण फोन चालू! दुसरा गुण असा, की बँकांसारख्या ठिकाणी खास जोडलेल्या तारेतून सतत प्रवाह वाहता ठेवता यायचा. चोरानं तार कापली की प्रवाह थांबला, आणि तेवढ्यानंच दुसऱ्या टोकाला कळलं. तिथं शांतता हीच बातमी होती.

इथं आमचा जुना विषय आडवा येतो, त्याला इलाज नाही. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा नाही हे कशावरून कळतं? तो दिसत नाही यावरून. पण अट आहे : घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत ‘दिसला नाही’ म्हणून ‘नाही’ म्हणता येत नाही. नैयायिक हे प्रमाण वेगळं मानत नाहीत, पण ही अट त्यांनाही मान्य आहे. आमची पतसंस्था आठ महिने अशा अंधाऱ्या खोलीत बसून म्हणत होती, ‘फोन आला नाही, म्हणजे चोर आला नाही.’ साध्या लाइनवर फोन लावणाऱ्या पेटीत हाच दोष असतो. फोन येत नाही, तेव्हा सगळं ठीक आहे की तारच मेली आहे, हे पलीकडच्याला कळत नाही.

२००६च्या सुमारास देशात साधारण ५ कोटी लँडलाइन होत्या. २०२०पर्यंत त्या २ कोटींच्या आसपास आल्या. पुढे फायबरमुळे आकडा पुन्हा वाढला, पण फायबरची पेटी घरच्या विजेवर चालते. वीज गेली, इन्व्हर्टर नसला, की फोन गेला. अलार्ममध्ये आता सिमकार्ड घालतात. त्याचा रिचार्ज संपला की तेही मुकं. हे दुखणं आपलंच नाही. ब्रिटनमध्ये एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात मदतीचं बटण असतं. फोन तांब्यावरून इंटरनेटवर नेताना काहींची बटणं बंद पडली. २०२३च्या अखेरीस सरकारला त्यात लक्ष घालावं लागलं, आणि जुनं जाळं बंद करायची मुदत पुढे जानेवारी २०२७पर्यंत गेली.

आम्ही जुन्याचे भक्त नाही. नव्या यंत्रणेत तर दर थोड्या वेळानं ‘मी जिवंत आहे’ असा संदेश पाठवायची सोय असते. तो चुकला की पलीकडे कळतं. उजेड लावायची हीच रीत. आपल्या राज्यात ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे : एकानं एका नंबरवर सांगितलं, की त्याच्याच आवाजातली हाक गावातल्या नोंदलेल्या सगळ्या मोबाइलवर जाते. म्हणजे दवंडीच परत आली. पण १० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोलीकडचा भूकंप परभणीत जाणवला, तेव्हा पुण्याच्या लेकीला आम्ही तीनदा फोन लावला, आणि लागला तो चौथ्यांदा. सगळेच एकदम लावत असणार.

पतसंस्थेनं पुढे दोन वाटांनी, सिमवरूनही आणि फायबरवरूनही, निरोप जाईल अशी पेटी बसवली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चाचणी ठरली. त्यानंतर आम्ही तिघांचेही फोन वाजलेले स्वतः ऐकल्याशिवाय सही केली नाही. तुमच्या घरी, बँकेत, शाळेत, लिफ्टमध्ये अशी घंटा असेल, तर या आठवड्यात एकदा ती दाबून बघा. आणि ती वाजली का एवढंच विचारू नका, पलीकडे कोणी उचललं का तेही विचारा.

आता प्रश्न असतील तर घेऊ.