थर्माकोलच्या रेणूत फ्लोरिन घातला तर काय होतं? समजून घ्या सोप्या भाषेत

गणपतीचं मखर म्हटलं की आठवतो तो थर्माकोल. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात त्याच्या ताटं-वाट्यांसह अनेक वस्तूंवर बंदी आली. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरिन. स्टायरिनचे असंख्य रेणू माळेतल्या मण्यांसारखे जोडले गेले की ते तयार होतं.

फ्लोरिन कुठे येतो?

स्टायरिनमध्ये सहा कार्बन अणूंचं कडं असतं. कड्यावरच्या पाच हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवला की पेंटाफ्लोरोस्टायरिन मिळतं. हे दोन्ही मणी एकाच माळेत ओवणं म्हणजे कोपॉलिमरायझेशन. एकत्र सोडले तर ते बऱ्याच अंशी एकाआड एक बसतात.

'नियंत्रित' म्हणजे नेमकं काय?

साध्या पद्धतीत साखळी भराभर वाढते आणि दुसऱ्या साखळीला धडकून थांबते. त्यामुळे काही साखळ्या लांब, काही आखूड राहतात. यावर १९९५ मध्ये एटीआरपी आणि १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेची राफ्ट पद्धत पुढे आली.

राफ्ट समजायला खो-खो आठवा. एक जण धावतो, बाकीचे बसलेले असतात. खो मिळाला की बसलेला उठतो आणि धावणारा त्याच्या जागी बसतो. इथेही एका वेळी थोड्याच साखळ्या वाढतात आणि पाळी सतत बदलते. शेवटी सगळ्यांची लांबी जवळपास सारखी होते. शिवाय आधी स्टायरिनचा आणि मग फ्लोरिनवाल्या मण्यांचा सलग तुकडा जोडता येतो.

फायदा काय?

फ्लोरिनचा तुकडा आपोआप पृष्ठभागाकडे सरकतो. त्यामुळे थोड्या फ्लोरिनमध्येही पाणी झटकणारा लेप मिळतो. कड्यावरचा एक ठरावीक फ्लोरिन सहज बदलता येतो. त्या जागी हवा तो गट जोडून पदार्थाला नवा गुण देता येतो.

मग हे 'फॉरएव्हर केमिकल' आहे का?

कार्बन-फ्लोरिन हा कार्बनचा सर्वांत मजबूत एकेरी बंध. पदार्थ टिकाऊ होतो तो त्यामुळे, आणि निसर्गात गेल्यावर त्रासदायक ठरू शकतो तोही त्यामुळेच. पीएफओए हे असंच एक रसायन २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं.

पण सगळी फ्लोरिन रसायनं एका माळेची नाहीत. ओईसीडीच्या २०२१ च्या व्याख्येनुसार फक्त कड्यावर फ्लोरिन असलेलं पेंटाफ्लोरोस्टायरिन पीएफएएस गटात येत नाही. स्टायरिनला पूर्ण फ्लोरिनयुक्त शेपटी जोडली, तर मात्र येतं. अर्थात, गटाबाहेर असणं म्हणजे निर्धोक असणं नव्हे.

आपल्याशी काय संबंध?

केडगाव ज्या दौंड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात कुरकुंभची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतींच्या आसपास राहणाऱ्यांनी 'फ्लोरिन आहे का?' एवढंच विचारून थांबू नये. तो रेणूत कुठे आहे, आणि सांडपाण्यात काय जातं, हेही विचारायला हवं.