विजयदुर्ग, हेलियम आणि एक चुकलेले साल

१८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गच्या किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम शोधला, असे आपल्याकडे सर्रास सांगतात. किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' पुराव्यादाखल दाखवले जातात. कागदपत्रे मात्र वेगळेच सांगतात.

त्या दिवशी लॉकियर इंग्लंडात होते. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या तेजस्वी रेषा त्यांना दिसल्या त्या २० ऑक्टोबरला, लंडनमधून, ग्रहणाविनाच. त्यांचे टिपण आणि गुंटूरला ग्रहण पाहिलेल्या जान्सेन यांचे पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आले, २६ ऑक्टोबरला. लॉकियर ग्रहणासाठी हिंदुस्थानात उतरले ते १८७१ साली, तेही केरळातल्या बेकलला.

मग १८६८ ला आपल्या मुलखात कोणी काही पाहिले की नाही? पाहिले. पटवर्धनांच्या जमखंडीत. तेथे लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसले होते. ऐन वेळी आभाळ भरून आले. ढगांच्या फटीतून ज्वाळ दिसली आणि तिच्या वर्णपटात तीन ठसठशीत रेषा: तांबडी, नारिंगी, निळी. सलग वर्णपटाचा मागमूस नाही, म्हणजे ज्वाळ तप्त वायूची, हे तिथल्या तिथे ठरले. नारिंगी रेषा त्यांनी सोडियमची मानली. सोडियमच्या रेषा ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉमवर, ही ५८७६ वर. चौदा अँगस्ट्रॉमच्या या फरकात हेलियम दडला होता. धावत्या ढगांखाली तो हातून निसटला, यात हर्शेल यांना दोष देता येत नाही.

लॉकियर विजयदुर्गला खरोखरच आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ब्रिटिश आरमाराचे खलाशी मदतीला होते आणि लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या वर्णावरणाचे वर्णपट टिपले गेले. कट्टे याच तळाचे असले पाहिजेत. तोवर रॅम्से यांना १८९५ साली युरेनियमच्या खनिजातून हेलियम मिळालाही होता.

विजयदुर्गचा मान खराच आहे, त्याला १८६८ ची उसनवारी नको. किल्ल्यावर १८९८ हेच साल सांगावे, आणि १८ ऑगस्टला आठवण काढायची तर जमखंडीची काढावी.