भातावरची फवारणी : बाटलीवरचं लिहिलेलं पंपवाल्यापर्यंत पोहोचतं का?

सुभानपुरा (वडोदरा) : सुभानपुरा ही वडोदऱ्याच्या पश्चिम भागातली शहरी वस्ती. इथे भात ताटात दिसतो, शेतात नाही. पण ज्या मराठी घरांची गावाकडची शेती अजून सुटलेली नाही, त्यांच्या पिशवीतून खरिपात कधीमधी कीटकनाशकाची बाटलीही गावी जाते. कायद्याप्रमाणे सोबतचे माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि जिथे माल विकला जातो तिथल्या भाषेत असते. म्हणजे वडोदऱ्यात घेतलेल्या बाटलीसोबत गुजराती. फवारणारा मजूर मात्र नवापूरकडचा, घरी मावची बोलणारा असू शकतो. सगळी माहिती छापलेली असते, पण ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याला ती वाचता येत नाही. बऱ्याचदा बाटलीही दाखवली जात नाही, थेट कालवलेलं पाणी मिळतं.

औषध नव्हे, विष

महाराष्ट्रात ‘औषध मारायचं’ म्हणतात, गुजरातेत ‘दवा छांटवी’. या शब्दांनी धाक कमी होतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ते पीक कापसाचे होते; डोक्याएवढ्या वाढलेल्या झाडांत फवारा तोंडावर येत होता. त्यानंतर राज्य सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशिम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. भातात फवारा तोंडावर कमी येतो, पण फवारणारा चिखलात अनवाणी उभा असतो. पात्यांनी पाय कापलेले असतात आणि ओली पाती मांड्यांना घासत राहतात. फवारणाऱ्याच्या अंगात विष मुख्यतः कातडीतून शिरते, तोंडावाटे नव्हे.

वाचता येत नसलं तरी रंग दिसतो

प्रत्येक बाटलीवर किंवा पुड्यावर पतंगासारखा, कोनावर उभा चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो :

• लाल – अतिजहाल. वर कवटीचे चित्र आणि लाल अक्षरात ‘विष’.
• पिवळा – जहाल. लाल अक्षरात ‘विष’.
• निळा – मध्यम विषारी. ‘धोका’.
• हिरवा – कमी विषारी. ‘सावधान’. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

हा रंग दोन्ही राज्यांत एकच. मजुराला भाषा येवो न येवो, मालकाने फवारणीआधी बाटली त्याच्या हातात देऊन हा रंग दाखवायला हवा.

घरात जुनी बाटली असेल तर आधी नाव बघावे. देशात ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने १८ कीटकनाशके बंद झाली. त्यातली फोरेट आणि ट्रायझोफॉस ३१ डिसेंबर २०२० पासून. भातशेतकऱ्यांना ही दोन्ही नावे ओळखीची आहेत. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के यावर २०२३ मध्ये बंदी आली.

झाकणाचा हिशेब चुकतो

‘पंपाला एक झाकण’ हे माप सगळीकडे चालते. पण प्रत्येक बाटलीचे झाकण वेगळे. समजा, लेबलवर एकरी ८० मिली मात्रा आणि २०० लिटर पाणी लिहिले आहे. १५ लिटरच्या पंपाने एकराला १३ ते १४ पंप लागतात. म्हणजे पंपाला साधारण ६ मिली. झाकण १० मिलीचे निघाले तर मात्रा दीडपटीहून जास्त, खर्चही तेवढाच वाढलेला. पॉवर पंपाला पाणी कमी लागते, पण एकरी मात्रा तीच राहते. मापाचा छोटा पेला वेगळा ठेवावा. तो स्वयंपाकघरात परत जाऊ नये. दोन-तीन कीटकनाशके मनानेच एकत्र कालवू नयेत.

फवारायची गरज आहे का?

खोडकिड्यासाठी ५ टक्के किडलेले फुटवे किंवा चौरस मीटरला एक अंडीपुंज, तपकिरी तुडतुड्यांसाठी एका चुडात ५ ते १० तुडतुडे : साधारण या पातळीला पोहोचल्यावरच फवारणीचा विचार करावा. तुडतुडे बुंध्याशी असतात. वरवर मारलेला फवारा त्यांच्यापर्यंत जात नाही, उलट त्यांना खाणारे कोळी मरतात आणि तुडतुडे पुन्हा वाढतात. इंडोनेशियाने हे फटका बसल्यावर ओळखले. १९८६ मध्ये तिथे भातावर ५७ कीटकनाशके बंद झाली आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. बांधावर उभे राहून मित्रकीड आणि शत्रुकीड ओळखायला शिकवणे, हेच त्यांचे मुख्य काम होते.

शेतात उतरताना

• पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण पॅंट, रबरी हातमोजे, नाकातोंडावर मास्क, डोळ्यांना चष्मा. चिखलात गमबूट जड जातात, तरी पाय उघडे ठेवू नयेत.
• दाणेदार कीटकनाशक फेकतानाही हातमोजे हवेत.
• वाऱ्याच्या दिशेने चालत फवारावे, वाऱ्याविरुद्ध नाही. भर उन्हात नको.
• नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये.
• फवारणी चालू असताना तंबाखू, बिडी, खाणे बंद.
• बांधीतले पाणी लगेच ओढ्यात सोडू नये. पंपही ओढ्यात, तलावात धुवू नये. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्या आणि मासेमारीचे तलाव शेजारी-शेजारी असतात.
• रिकामी बाटली भोक पाडून वस्तीपासून लांब पुरावी. त्यात रॉकेल, पाणी भरू नये.
• शेवटच्या फवारणीनंतर कापणीपर्यंत किती दिवस थांबायचे ते लेबलवर असते. तेवढे थांबावेच.

विषबाधा झाली तर

घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी, बुबुळं बारीक होणं, स्नायू फडफडणं, दम लागणं ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या विषाची लक्षणे आहेत. ‘ऊन लागलं असेल’ म्हणून झाडाखाली झोपवण्यात मोलाचा वेळ जातो. आधी कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे. दूध, तूप, मिठाचं पाणी पाजू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालू नये. १०८ ला फोन करावा आणि बाटली बरोबर न्यावी. कोणते विष आहे हे कळल्यावरच डॉक्टर अ‍ॅट्रोपिनसारखा उतारा नेमका ठरवतात. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा मोफत क्रमांक : १८०० ११६ ११७.

भरपाई कोणाला?

महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा धरली जाते. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. पण लाभ सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. रोजाने आलेला, जमीन नसलेला फवारणीवाला त्यात बसत नाही. विष त्याच्या अंगावर उडतं, कागद मालकाच्या नावाचे.

म्हणून दुकानातून पक्के बिल घ्यावे, त्यावर बॅच क्रमांक लिहून घ्यावा आणि माहितीपत्रक फवारणाऱ्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावे. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. तिथून बाटली हद्दीपलीकडे जायला दोन पावलं पुरतात; बाटलीवरची माहितीही तिच्याबरोबर गेली पाहिजे.