महाकासव कोणी संपवले?

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या आणि पूर्णेच्या दरडींत काळ्या मातीखाली चुन्याने घट्ट बांधलेले गोट्यांचे आणि वाळूचे थर दिसतात. पूर्णा तालुक्यातल्या धनगर टाकळीला हत्तीचे जीवाश्म सापडले. गोदावरीच्या खोऱ्यातून पाणघोडा आणि रानबैलही निघाले आणि अश्मयुगीन माणसाची हत्यारेही. म्हणजे ही मोठी जनावरे आणि माणूस या खोऱ्यात दीर्घकाळ एकत्र नांदले. त्यांच्यात महाकासव मात्र नाही. ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली यांनी एकोणिसाव्या शतकात शिवालिकच्या टेकड्यांतून त्याचे अवशेष जगापुढे आणले. जमिनीवर राहणारा हा प्राणी, नुसते कवचच सुमारे दोन मीटर लांब. गोदाकाठचे हे थर साचले त्याच्या कितीतरी आधी तो उपखंडातून नाहीसा झाला होता. हत्ती, पाणघोडे तगले आणि चिलखत घालून फिरणाराच आधी का गेला? माझ्या मते माणसाच्या पूर्वजांनी त्याला खाऊन संपवले.

याला थेट पुरावा कुठे आहे, असे कोणीही विचारेल. शिवालिकच्या कवचावर हत्याराचे घाव दाखवता येत नाहीत, हे खरे. पण इस्राएलमधल्या केसेम गुहेत दोन ते चार लाख वर्षांपूर्वीच्या माणसांनी छोटी कासवे कवचासकट भाजली, कवच दगडाने फोडले आणि गारगोटीच्या पात्याने मांस सोडवले. जळल्याच्या आणि कापल्याच्या खुणा हाडांवर स्पष्ट आहेत. वाघ-तरसाला न फुटणारे कवच हातात दगड असलेल्याला फुटते. त्यात कासव पळत नाही आणि वयात यायला त्याला अनेक वर्षे लागतात. त्यामुळे मोठ्या माद्या थोड्या थोड्या जरी मारल्या, तरी भरपाई होत नाही. रॉड्रिग्ज बेटावर 1691 साली फ्रेंच प्रवासी फ्रांस्वा लेगा उतरला तेव्हा कासवांचे कळप होते. अठराव्या शतकात जहाजांनी ती हजारोंनी मॉरिशसला खाण्यासाठी नेली आणि 1800च्या सुमारास बेट रिकामे झाले.

हवामान बदलले, थंडी वाढली, म्हणून महाकासवे मेली, हा आक्षेप वजनदार आहे. शिवालिकपुरता तो मला पटूही शकेल. पण हीच जातकुळी उष्ण कटिबंधातल्या जावा, फ्लोरेस, तिमोर बेटांवरही होती आणि तिथूनही गेली. फ्लोरेसच्या जुन्या थरांत महाकासव आहे. दगडी हत्यारे मुबलक सापडतात त्या नंतरच्या थरांत ते नाही. काही अभ्यासक ज्वालामुखीकडे बोट दाखवतात. तसे असते तर त्याच बेटावरची कोमोडो घोरपड आजवर कशी टिकली?

आता पुन्हा आपल्याकडे पाहा. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे येथे शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी मिळाले आहेत, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचे. ती अंडी माणसाच्या हाती पडत होती, तरीही पळू शकणारा हा पक्षी आपल्या मुलखात तोवर टिकून होता. महाकासवाला पळून जाण्याची सोय नव्हती, आणि हवामानापेक्षा हा फरक मला जास्त सांगतो.