टीव्हीच्या रिमोटने प्रयोगशाळेतलं यंत्र चालवता येतं का?

हातातल्या ग्लोव्हजना रसायन लागलंय आणि मॅग्नेटिक स्टिररचा वेग कमी करायचाय. अशा हातांनी सगळ्यांच्या वापरातल्या कीबोर्डला शिवायचं कसं? इथे टीव्हीचा जुना रिमोट कामाला येतो. घरोघरी घालतात तसं प्लास्टिकचं कव्हर घातलं की झालं, त्यातूनही सिग्नल जातो.

यासाठी यंत्र उघडावं लागत नाही. प्रयोगशाळेतल्या बऱ्याच यंत्रांच्या मागे सिरीयल पोर्ट असतो. त्याचं आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं. घरच्या कॉम्प्युटरवरून हा पोर्ट कधीच गायब झाला. वजनकाटे, पंप, पॉवर सप्लाय यांच्यावर मात्र अजून दिसतो.

बटण दाबलं की रिमोटचा एलईडी डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा चालू-बंद करतो. ऊन आणि दिव्यांच्या गर्दीतून सिग्नल वेगळा ओळखता यावा, म्हणून हा खटाटोप. एनईसी या प्रचलित पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांची लांब खूण येते, मग ३२ बिट. त्यात उपकरणाचा पत्ता आणि बटणाचा क्रमांक असतो. दोन्ही उलटे करूनही पाठवतात, त्यामुळे चूक लगेच कळते.

तीन पायांचा रिसिव्हर हा सिग्नल पकडतो. त्याला जोडलेला आर्डुइनो बटणाचा क्रमांक ओळखून, यंत्राच्या मॅन्युअलमध्ये दिलेली कमांड सिरीयल पोर्टवर पाठवतो. पण वायर थेट जोडायची नाही! आर्डुइनो उनो ५ व्होल्टवर चालतो, आरएस-२३२ वर उणे १५ ते अधिक १५ व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. मध्ये मॅक्स२३२ सारखी चिप नसेल तर बोर्ड जळू शकतो.

खरी गोम पुढेच आहे. रिमोट बोलतो, ऐकत नाही. टीव्ही लागला की नाही ते समोर दिसतं. हीटरचं तसं नसतं. सिरीयल पोर्टवरून मात्र बऱ्याच यंत्रांना ‘आता तापमान किती?’ असं विचारता येतं. कमांडनंतर उत्तर वाचून ते स्क्रीनवर दाखवणं, हा या जोडणीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. चालू आणि बंद यांना वेगळी बटणं हवीत, कारण एकाच बटणावर दोन्ही असतील तर एक सिग्नल चुकला की पुढचं सगळं उलटं होतं. बटण दाबून धरलं तर रिमोट दर ११० मिलिसेकंदांनी ‘तेच पुन्हा’ सांगत राहतो, म्हणून स्टिररचा वेग वाढवताना प्रोग्रॅममध्ये मर्यादा घालावी लागते.

आपत्कालीन बंदचं बटण मात्र यंत्रावरच हवं. रिमोटसमोर कुणी उभं राहिलं तरी सिग्नल अडतो.