जिभेची सूज आणि सापाचे विष

नांदेड-लातूरकडे आजही म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ बहुतेक वेळा हे वारे म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी असते. मेंदूत रक्तस्राव नसेल, तर साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. मात्र ते दिल्यावर शंभरांतल्या एक ते पाच रुग्णांचे ओठ नि जीभ सुजते, बहुधा लुळ्या बाजूचीच. क्वचित श्वासही कोंडतो. नातेवाईक म्हणतात, ‘रिॲक्शन आली.’ पण ही ॲलर्जी आहे का?

अमेरिकेत टिलेट आणि गार्नर यांना 1933 साली दिसले, की घसा बिघडवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंचा द्रव माणसाच्या रक्ताची गुठळी विरघळवतो. हेच पुढचे स्ट्रेप्टोकायनेज. घसा कुणाचा दुखत नाही? त्यामुळे त्याविरुद्धची प्रतिपिंडे अनेकांच्या रक्तात आधीच असतात. इथली ॲलर्जी खरी. अर्धांगवायूवरच्या त्याच्या चाचण्या मात्र 1990च्या दशकात मेंदूतील रक्तस्रावामुळे थांबवाव्या लागल्या.

मग आले टीपीए, आपल्याच शरीरातले प्रथिन. अमेरिकेत अर्धांगवायूसाठी त्याला 1996 साली मान्यता मिळाली. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीचे टेनेक्टिप्लेज हे त्याचेच सुधारलेले भावंड. घरच्याच माणसावर शरीर कशाला चिडेल? तरीही जिभा सुजल्या.

याचा धागा ब्राझीलमध्ये सापडतो. जराराका सापाच्या विषामुळे रक्तात एक पदार्थ तयार होतो, असे रोशा ए सिल्व्हा आणि सहकाऱ्यांना 1949 साली आढळले. गिनीपिगचे आतडे तो सावकाश आकसवी, म्हणून नाव ब्रॅडिकायनिन. ‘ब्रॅडिस’ म्हणजे मंद. त्याने सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात. त्याच विषात पुढे फेरेरा यांना ब्रॅडिकायनिनचे विघटन रोखणारा घटक मिळाला. त्या सुगाव्यावरून कॅप्टोप्रिल घडले आणि 1981 साली बाजारात आले. एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही रक्तदाबाची औषधे त्याच कुळातली. (विषातून औषध निघाल्याची गोष्ट वर्गात सांगताना आपण सहसा इथेच थांबतो.)

टीपीएमुळे रक्तात प्लाझ्मिन तयार होते. ते गुठळी तोडते, आणि जाता जाता ब्रॅडिकायनिनही वाढवते. ‘प्रिल’ घेणाऱ्याच्या शरीरात त्याचा निचरा मंद असतो, म्हणून सूज त्यांच्यात जास्त आढळते. प्रतिपिंडांचा इथे बहुधा संबंधच नसतो. त्यामुळे ॲलर्जीवरची नेहमीची इंजेक्शने देतात खरी, पण प्रत्येक वेळी ती पुरी पडत नाहीत.

‘प्रिल’ चालू आहे म्हणून टीपीए नाकारत नाहीत. पुढचे दोन तास जिभेवर नजर ठेवतात, एवढेच. गावाकडून गाडी निघताना गोळ्यांची रिकामी पट्टी खिशात असली, तर डॉक्टरला हे आधीच कळते.